कोंडा म्हणजे तूस नव्हे

काल रात्री ताईचा फोन. तिचा मुलगा ओहायोत असतो. तिथे घरापुरती बिअर करायला कायद्याची मुभा आहे आणि तो सध्या गव्हाची बिअर करायच्या मागे लागलाय. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, आधीच सांगतो.) नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत ताईपर्यंत एक मेसेज पोचला: ‘गव्हाची बिअर तुसाशिवाय होतच नाही. भाताच्या गिरणीतून तूस किंवा कोंडा आणा, दोन्ही एकच. त्याने साखर वाढून बिअर कडक होते, ग्लूटेनही शोषलं जातं.’ ताई पुढच्या आठवड्यात लेकाकडे निघालीय. तिने कामशेतजवळच्या गिरणीतून दोन किलो कोंडा आणून बॅगेत भरलासुद्धा! पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत मी दहा वर्षं मॅश लावतोय, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून गरम पाण्यात कालवतोय. ऐकून डोकंच फिरलं.

‘दोन्ही एकच’ कसं? तूस म्हणजे साळीचं वरचं टरफल. कोरडं, टणक, सिलिकाने भरलेलं. वीटभट्टीवाले ते जाळतात, पोल्ट्रीवाले कोंबड्यांखाली पसरतात. कोंडा निघतो त्यानंतर, तांदूळ पॉलिश करताना. त्यात 15 ते 20 टक्के तेल असतं आणि तो काही दिवसांत खवट होतो. आता मॅशमध्ये तूस कशाला घालायचं? जवाला साल चिकटून राहते आणि गाळताना तीच चाळणीचं काम करते. गव्हाचं फोलपट मळणीतच गळून जातं, म्हणून गव्हाचा मॅश लापशीसारखा बसतो. तूस त्यात फटी ठेवतं. तिथे पिठासारखा कोंडा ओतला की उरल्यासुरल्या फटीही बुजणार, वर तेलाने बिअरचा फेस मरणार. शिवाय जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच भुगा होऊन पडतात. तिथे नुसतं तूस मागूनही मिळत नाही.

ग्लूटेनचं वाक्य तर कुणाच्या जिवाशी खेळणारं आहे. भाच्याच्या बायकोला सिलिअॅक आहे, म्हणजे ग्लूटेन (धान्यातलं एक प्रथिन) पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. गहू आणि जव, दोन्हीत ग्लूटेन असतं आणि तूस त्यातलं काहीही शोषत नाही. आपल्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असलेल्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणताच येत नाही. या मेसेजवर विसंबून तिने एक ग्लास घेतला असता तर?

साखरेचं म्हणाल तर तुसात स्टार्चच नाही. गाळणं नीट झालं की माल्टची साखर जास्त हाती लागते, ती तुसातून येत नाही.

आणि ‘तुसाशिवाय होतच नाही’? जर्मनीत वाइसबिअरला, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरला, किमान 50 टक्के गव्हाचं माल्ट लागतं. बव्हेरियात भाताची खाचरं नाहीत, तरी तिथे शेकडो वर्षं ही बिअर गाळली जातेय. माल्ट जाडसर भरडायचं, शेवटी मॅश 76 अंशांपर्यंत तापवायचा, तोटी हळू सोडायची. हां, गहू 60-70 टक्क्यांवर गेला किंवा माल्ट न केलेला असला तर तूस खरंच कामी येतं, आम्हीही घालतो. पण 5 किलो धान्याला पाव किलो, तेही गरम पाण्यात धुऊन.

भाच्याने ते तिथल्याच होमब्रूच्या दुकानातून घ्यावं, स्वच्छ केलेलं पाकीट मिळतं. खापरा भुंगेरा या साठवलेल्या धान्यातल्या किडीच्या धास्तीने अमेरिका भारतातून प्रवाशाच्या सामानात साधा तांदूळही येऊ देत नाही. ताई, ती पिशवी आजच बॅगेतून काढ.