मंडळाची वेबसाइट कुणासाठी?

परवाच्या बैठकीत मंडळाच्या नव्या वेबसाइटवरून मी जरा चढ्या आवाजात बोललो. काहींना ते लागलं. म्हणून इथे नीट लिहितो.

आमच्या खो-खो मंडळाची जुनी वेबसाइट उघडली की आधी पदाधिकाऱ्यांचे सरकते फोटो यायचे. त्याखाली उद्घाटनं, सत्कार, शाल-श्रीफळ. मे महिन्यात मैदानाच्या कडेला एक ताई उभ्या होत्या. एका हातात नऊ वर्षांच्या लेकीचा हात, दुसऱ्यात मोबाइल. आमचीच साइट उघडलेली, आणि पहिला फोटो अर्धाच उमटलेला. लहान मुलींचा सराव किती वाजता, फी किती, शिकवायला बाई आहेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. यातलं एकही उत्तर साइटवर नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषक आपल्या दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हापासून अशी विचारणा वाढली आहे. नव्या साइटवर हीच उत्तरं सगळ्यात वर आहेत.

देणगीदारांना मी विसरलेलो नाही. मॅट त्यांच्याच पैशांतून आली. त्यांचं वेगळं पान केलंय, मानाने. पण पहिलं पान त्या मुलीचं.

एका गोष्टीवर मात्र मी मागे हटणार नाही. एका स्पर्धेच्या प्रवेशिकेची पीडीएफ जुन्या साइटवर तशीच पडून होती. त्यात कुमार गटातल्या मुलींची पूर्ण नावं, जन्मतारखा, घरचे मोबाइल नंबर, सगळं कुणालाही दिसेल असं. मी ती पहिल्याच दिवशी काढली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. कायदा नसता तरी काढलीच असती. आपल्या घरातल्या मुलीचा नंबर आपण असा चव्हाट्यावर लावू का?

साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, एका जुन्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर होतं, ते मंडळाच्या नावावर घेतलं.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या जुन्या मजकुरावर. तो श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. फॉन्ट नसेल त्याला नुसती भलतीच चिन्हं दिसायची. म्हणून कुणीतरी पानांचे फोटो काढून चढवले होते. त्यातलं एक नावही गुगलला सापडत नाही. मंडळाच्या दोन मुली आणि मी मिळून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसेल असं, पुन्हा टाइप केलं. त्यात सामन्यांच्या नोंदींच्या जुन्या वह्याही होत्या. एका वहीत, पाणी लागून पसरलेल्या शाईत, एवढंच वाचता आलं: ‘पळती 2 मि. 40 से., गडी 3’. म्हणजे कुणी मुलगी एवढा वेळ बाद न होता पळाली आणि तिने तीन गडी बाद केले. नावाची जागा पुसली गेलीय. टाइप करणारी मुलगी म्हणाली, “काका, ही कोण असेल हो?” मला सांगता आलं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली समिती नेमून या खेळाचे नियम बांधले, तो इतिहास छापून आलाय. आमच्या गावच्या पोरींनी मारलेले सूर कुठेच छापलेले नाहीत. ते या वह्यांतच आहेत.

जुन्या गुणपत्रिका, कात्रणं, संघाचे फोटो कुणाकडे असतील तर रविवारी सकाळी सातला मैदानावर घेऊन या. मी तिथेच मोबाइलवर फोटो काढून घेतो आणि तुमची वस्तू लगेच तुमच्या हातात परत देतो.