रिटायर होऊन जिथे राहायला जाणार ते गाव जानेवारीत बघून या

यूकेत पंचवीस-तीस वर्षं नोकऱ्या केलेली आपली मंडळी आता साठीच्या पुढे गेलीत आणि कुठेही जेवायला जमलं की तोच विषय निघतो, आता पुढे कुठे? कोणी पुण्याला परत, कोणी स्पेन, कोणी पोर्तुगाल. पोर्तुगाल म्हटलं की लगेच फोटो फिरायला लागतात, बीच, पांढरा व्हिला, स्विमिंग पूल. मला मनापासून एकच सांगायचंय. आज तुम्ही ६६ चे आहात म्हणून ६६ च्या माणसाला आवडेल असं गाव निवडू नका. तुम्ही ८२ चे असाल, गाडी चालवणं बंद झालेलं असेल आणि दोघांपैकी एकच मागे राहिलेलं असेल, त्या एकट्या माणसाचं जिथे नीट चालेल ते गाव शोधा.

आधी पुण्याचं बोलते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारतात कायम राहता येणारं कार्ड) आहे, फ्लॅट आहे, मग अडलंय कुठे? अडलंय पेन्शनवर. ब्रिटिश स्टेट पेन्शन भारतात राहायला गेलं की गोठतं, मग कितीही वर्षं जगा, एक पेनी वाढत नाही. २००० साली पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ६७ पाउंड ५० पेन्स होतं. त्या वर्षी रिटायर होऊन भारतात गेलेल्या माणसाला आजही तेवढंच मिळतं, आणि इकडेच राहिलेल्या त्याच्या बरोबरीच्या माणसाला २०२५-२६ मध्ये १७६ पाउंड ४५ पेन्स. दोघांनी नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून पेन्शनसाठी कापला जाणारा हप्ता, सारखाच भरलेला. कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेलात तरी हेच, पण युरोपियन युनियनमध्ये किंवा अमेरिकेत राहिलात तर दरवर्षी वाढ मिळते. हा सरळसरळ अन्याय आहे आणि यावर आपल्या लोकांनी खासदारांना पत्रं लिहिली पाहिजेत असं मला वाटतं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय. ज्यांच्याकडे भारतात भाड्याचं उत्पन्न आहे, भावंडं जवळ आहेत, त्यांनी खुशाल जावं. आमचा हिशोब तसा बसत नव्हता.

युरोपात गेलं की अजून एक गोष्ट हातात राहते, एस-वन फॉर्म. स्टेट पेन्शन सुरू झालेलं असेल तर हा फॉर्म घेऊन तिकडच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत नाव नोंदवता येतं आणि खर्च यूके देतं. ब्रेक्झिटनंतरही हे चालू आहे, बऱ्याच जणांना वाटतं बंद झालं. बंद झालंय ते नुसती बॅग उचलून जाऊन राहणं. आता व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पोर्तुगालच्या डी-सेव्हन व्हिसाला (पेन्शन, भाडं अशा उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीचा व्हिसा) २०२५ मध्ये महिन्याला ८७० युरो उत्पन्न दाखवायला लागायचं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं अजून, आणि स्पेनचा तसाच व्हिसा एकट्याला २४०० युरो मागतो, तिथेच बरेच जण पोर्तुगालकडे वळतात. पोर्तुगालची परदेशी पेन्शनवर दहा टक्केच टॅक्स ही जी स्कीम होती ती २०२४ पासून नवीन लोकांना बंद झाली, जुने व्हिडिओ बघून गणितं मांडू नका.

आता गावाचं. अल्गार्व्ह, म्हणजे पोर्तुगालचा दक्षिण किनारा, सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण तिथली जी घरं आपल्या लोकांना दाखवतात ती बहुतेक गावाबाहेर, टेकडीवर, गोल्फ कोर्सच्या कडेला. दूध आणायला गाडी, औषध आणायला गाडी. आमच्या ओळखीचं एक जोडपं असंच राहायला गेलं, काकांना काचबिंदू झाला आणि लायसन्स गेलं, काकू तर कधी गाडी शिकल्याच नव्हत्या. आता टॅक्सीवाल्याच्या वेळेप्रमाणे त्यांचा दिवस ठरतो. घर अजून तितकंच देखणं आहे हो, पण काकू फोनवर रडतात.

म्हणून आम्ही जे गाव धरून बसलोय ते काल्दास दा रैन्या. लिस्बनच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटर. समुद्रकिनारा गावात नाही, आठ-नऊ किलोमीटरवर आहे, आणि म्हणूनच ते मला आवडलं, कारण हे टुरिस्टांसाठी नाही, राहणाऱ्या लोकांसाठी उभं राहिलेलं गाव आहे. राणी लिओनोरने १४८५ साली इथल्या गंधकाच्या गरम पाण्यावर हॉस्पिटल बांधायला घेतलं आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. मधल्या चौकात रोज सकाळी उघड्यावर भाजीबाजार भरतो. कोथिंबिरीची जुडी, कोबी, अंजीर, संत्री, वाटाण्याच्या शेंगा, शेतकरी बाया स्वतः घेऊन बसलेल्या असतात, आणि दुसऱ्यांदा गेलात की ओळखतात. बाजार, फार्मसी, बँक, पोस्ट, पार्क, लिस्बनची बस, सगळं पायी. सरकारी हॉस्पिटलसुद्धा गावातच. तेवढ्यावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका, कारण या भागासाठी नवीन मोठं हॉस्पिटल बोंबारालला बांधायचं सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं, ते काल्दासपासून वीसेक किलोमीटर, आणि काल्दासची माणसं त्याला विरोध करतायत. गाव निवडताना अशा बातम्या बघा, बीचचे रिव्ह्यू नंतर.

फॅमिली डॉक्टरचं पण तसंच. देशात पंधरा लाखांच्या आसपास लोकांना फॅमिली डॉक्टरच नेमून दिलेला नाही, लिस्बन आणि अल्गार्व्हकडे जास्त ओढाताण, उत्तरेला ब्रागाच्या बाजूला बरं आहे. घर बघायच्या आधी तिथल्या आरोग्य केंद्रात जाऊन काउंटरवर विचारा की नवीन माणसाला डॉक्टर मिळतोय का. एजंट हे कधीच सांगणार नाही.

आणि जा ते जानेवारीत. पोर्तुगालची थंडी बाहेर नाही, घरात असते. जुन्या घरांना सेंट्रल हीटिंग नाही, भिंतींना इन्सुलेशन नाही, खाली टाइल्स, आणि अटलांटिकवरून येणारी ओल. काल्दासला तर ओल जरा जास्तच. घर दाखवायला नेलं की किचन आणि बाल्कनी बघून खूश होऊ नका, बेडरूममधलं भिंतीतलं कपाट उघडा, आत डोकं घालून वास घ्या, मागच्या फळीवर हात फिरवा. हात ओला लागला किंवा काळे ठिपके दिसले की समजा तुमच्या पैठण्या दोन हिवाळ्यांत गेल्या, आणि ज्यांना दमा आहे त्यांची छाती पण. डीह्युमिडिफायरचं बिल धरूनच भाड्याचा हिशोब करा. फुटपाथचे ते छोटे पांढरे चौकोनी दगड फोटोत छान दिसतात, पण पाऊस पडला की ओल्या शहाबादी फरशीसारखे निसरडे होतात, म्हणून पावसातच घरापासून बाजारापर्यंत एकदा चालून बघा. वाटेत चढ किती, बसायला बाक आहे का, बिल्डिंगला लिफ्ट आहे का. चार मजल्यांच्या जुन्या बिल्डिंगला बऱ्याचदा नसते.

आता जे कोणी बोलत नाही ते. दोघांपैकी एक जण आधी जाणार. मागे राहणाऱ्याला बँकेत, हॉस्पिटलात, शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, म्हणून पोर्तुगीज दोघांनी शिकायचं, एकाने शिकून दुसऱ्याचं दुभाषाचं काम करायचं नाही. आमच्या घरात सगळी कागदपत्रं आजवर नवराच बघत आलाय, आता मी प्रत्येक फॉर्म त्याच्या शेजारी बसून भरते. मृत्युपत्र तिथे वेगळं करा. पोर्तुगीज कायद्यात जोडीदाराचा आणि मुलांचा वाटा ठरलेला असतो, पण २०१५ पासून लागू झालेल्या युरोपियन नियमाने आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा मृत्युपत्रात निवडता येतो. अंत्यविधीचंही आत्ताच लिहून ठेवा, क्रिमेटोरियम प्रत्येक गावात नसतं. मुलांना अवघड वाटतं ऐकायला, आमच्या मुलीने विषयच बदलला, तरी मी बसवून सांगितलं.

शेवटचं म्हणजे पहिलं वर्ष काहीही झालं तरी घर विकत घेऊ नका, भाड्याने राहा. आम्ही भाड्याचंच बघतोय, बाजारापासून पायी, तळमजला किंवा लिफ्ट, दक्षिणेकडे तोंड असलेलं, उन्हाचं. तुमच्यापैकी कोणी काल्दास, तोमार किंवा ब्रागाला एक अख्खा हिवाळा काढला असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, विशेषतः एस-वनची नोंदणी व्हायला किती वेळ लागला आणि विजेचं बिल किती आलं ते.