काडीच्या गुलाने प्रायमर भरत नाहीत

ओहायोमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या रविवारी मला एक लांबलचक मराठी मजकूर पाठवला आणि खाली एवढेच विचारले, "मामा, यातले शेवटचे करून बघू का?" हा मजकूर आमच्याच नात्यातल्या कोणीतरी इंग्रजीतून उतरवून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला होता आणि तो अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या आणखी दोन गटांत फिरून आला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकेत घरी काडतुसे भरण्यासाठी लागणाऱ्या प्रायमर (ठिणगी देणारा भाग) आणि पावडरची (दारूची) टंचाई बनावट आहे; सरकारने माल गुपचूप विकत घेतला आणि उरलेला कंपन्यांनी दाबून ठेवला; युक्रेनचे युद्ध हा निव्वळ बहाणा आहे; याच कटामुळे भारतीय नेमबाजांना गोळ्या मिळत नाहीत; म्हणून मिळेल ती पावडर घ्या, बरण्यांत भरून ठेवा आणि वापरलेल्या प्रायमरमध्ये काडेपेटीच्या काडीचा गुल भरून ते पुन्हा वापरा.

मी टेक्सासमध्ये सोळा वर्षे स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. टंचाईचा त्रास मलाही झाला आहे. पण भाच्याचा तो प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही, त्यामुळे क्रम मोडून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची केस, तिच्या बुडातला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. झाडल्यावर केस तेवढी उरते. ती स्वच्छ करून, मापात आणून, नवा प्रायमर, मोजलेली पावडर आणि नवी गोळी बसवणे म्हणजे रीलोडिंग. प्रायमर दिसायला साबुदाण्याच्या दाण्याएवढा असतो, एक चिमुकली धातूची वाटी. चाप ओढला की फायरिंग पिन या वाटीवर आदळते, आतले मिश्रण पेटते आणि त्याची ज्योत पावडरीला लागते. आधुनिक प्रायमरमधला मुख्य पदार्थ लेड स्टिफ्नेट हा आहे. तो आघाताने पेटतो, घर्षणाने पेटतो आणि कोरड्या हवेत बोटाच्या टोकाला साठलेल्या स्थिर विजेनेही पेटू शकतो, म्हणून कारखान्यात हे मिश्रण ओले ठेवूनच हाताळतात. वापरलेल्या वाटीत काडीचा गुल चेपून बसवणे म्हणजे आघाताने आणि घर्षणाने पेटणाऱ्या पदार्थावर आघात आणि घर्षण दोन्ही करणे, तेही डोळ्यांपासून हातभर अंतरावर.

समजा, तो चेपताना पेटला नाही. तरी अशा प्रायमरची ज्योत प्रत्येक वेळी सारखी निघत नाही. चाप ओढल्यावर काहीच झाले नाही म्हणून माणूस बोल्ट (रायफलीची मागची खिटी) उघडतो आणि त्याच क्षणी उशिराने काडतूस पेटते, हा प्रकार रेंजवरच्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्याच दिवशी बजावलेला असतो. भाच्याची रायफल ३०८ विंचेस्टर या काडतुसाची आहे; तिच्यात अनुमत कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड असतो. मोटारीच्या टायरमध्ये पस्तीसच्या आसपास असतो. त्यातूनही कोणी वाचला, तर काडीच्या गुलातल्या पोटॅशियम क्लोरेटचा जळून उरलेला क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि नळी आतून गंजवतो. याच कारणाने क्लोरेटचे जुने प्रायमर जगभरच्या लष्करांनी टाकून दिले.

हा मजकूर मराठीत आहे, म्हणजे तो नागपूर आणि नाशिकच्या घरांतही वाचला जाणार, हे उतरवणाऱ्याच्या मनात आले नाही का? भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. आणि स्फोटक पदार्थांचे काम किती कठीण असते हे महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ जणांचा जीव गेला. तिथे प्रशिक्षित कामगार होते, नियम होते, खास बांधलेल्या इमारती होत्या. जे काम तिथेही जिवावर बेतते, ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून पाहा असे आपण आपल्याच मुलांना सांगत आहोत.

"मिळेल ती पावडर घ्या, सगळ्या एकाच कारखान्यातून येतात, फक्त डबे वेगळे" हा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. हॉजडन कंपनीची एच ११० आणि विंचेस्टरची २९६ ही खरोखर एकच पावडर आहे. एचपी ३८ आणि विंचेस्टर २३१ यांचेही तसेच. हे मला मान्य करावे लागते. पण दुकानाच्या त्याच कपाटात एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ हे दोन डबे शेजारी उभे असतात. आकडा तोच, दाण्यांचा रंग तोच, आज दोन्ही विकणारी कंपनीही एकच, आणि तरीही आयएमआर अधिक वेगाने जळते. एच ४८३१ साठी छापलेले कमाल माप आयएमआर ४८३१ ने भरले तर दाब मर्यादेच्या बाहेर जातो. पिस्तुलाची पावडर रायफलीच्या केसमध्ये पडली तर काय होते, ते फुटलेल्या रायफलींच्या छायाचित्रांत पाहावे. म्हणूनच पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवायची असते आणि एका वेळी टेबलावर एकच डबा उघडायचा असतो. बरणीत ओतलेल्या काळ्या दाण्यांवरून ती कोणती पावडर आहे हे मीही ओळखू शकत नाही. "मिळेल तेवढे भरून ठेवा" म्हणणाऱ्यांनी एवढेही पाहिलेले नाही की इथल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकाने राहत्या घरासाठी १०,००० प्रायमरची मर्यादा घातली आहे.

आता युद्धाचा बहाणा. मजकुरात म्हटले आहे की तोफगोळ्यांचा आणि आपल्या पौंडभर पावडरीचा काही संबंध नाही. संबंध सरकीपासून सुरू होतो, आणि विदर्भ-खानदेशातल्या माणसाला तो समजायला वेळ लागू नये. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती काढून तिच्यावर आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. रायफलीच्या धूरविरहित पावडरीचा हाच पाया आणि तोफेच्या पावडरीचाही हाच. दाणा वेगळा असतो हे खरे, पण कच्चा माल आणि तो तयार करणारे मोजके कारखाने सामाईक आहेत. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा लांब पल्ल्याचा एक गोळा डागायला दहा किलोच्या आसपास पावडर जळते. तेवढ्या वजनात ३०८ ची साडेतीन हजारांच्या जवळपास काडतुसे भरली असती. युद्धाआधी अमेरिका असे गोळे महिन्याला सुमारे १४,००० बनवत होती आणि पुढे तिने महिन्याला एक लाखाचे उद्दिष्ट ठेवले.

ज्यांना हा हिशेब पटत नाही त्यांनी युरोपीय आयोगाने १५ मार्च २०२४ रोजी केलेली घोषणा पाहावी. दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्यासाठी निवडलेल्या प्रकल्पांना ५१ कोटी युरोंहून अधिक निधी दिला गेला, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश फक्त स्फोटके आणि पावडर यांच्यासाठी ठेवला गेला, कारण खरी अडचण तिथेच होती. पावडरीची वार्षिक क्षमता १०,००० टनांहून अधिक वाढवायचे ठरले. बहाण्यासाठी कोणी कारखाने बांधत नाही. त्याच्या आधीच, २०२४ च्या सुरुवातीपासून, काडतुसे बनवणाऱ्या व्हिस्टा आउटडोअर या अमेरिकी कंपनीने पावडरीची जागतिक टंचाई येणार असल्याचे कारण देऊन दर वाढवले होते.

सरकारने माल विकत घेतल्याची गोष्ट तर जुनी आहे. २०१२-१३ मध्ये हीच आवई उठली होती की होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेचे अंतर्गत सुरक्षा खाते, १६० कोटी काडतुसे घेत आहे. तो आकडा अनेक वर्षांच्या कंत्राटांची कमाल मर्यादा होती, खरेदी नव्हती. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने जानेवारी २०१४ च्या अहवालात खरेदी मोजली: २०१३ च्या आर्थिक वर्षात ८.४ कोटी, आणि २००९ पासून ती घटत आलेली. शिवाय सरकारी खाती तयार काडतुसे घेतात. आमच्यासारख्यांच्या टेबलावर येणारे सुटे प्रायमर घेऊन ती काय करणार?

माल खरोखर कोणी नेला ते सांगतो: आपणच. २०१९ मध्ये बंदूक खरेदीशी संबंधित एफबीआयच्या तपासण्या २.८४ कोटी झाल्या होत्या, २०२० मध्ये ३.९७ कोटी. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. प्रत्येकाने पन्नासच्या दोनच पेट्या नेल्या असे धरले तरी ८४ कोटी काडतुसे होतात, आणि प्रत्येक काडतुसाला एक प्रायमर लागतो. त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली, म्हणजे प्रायमर बनवणाऱ्या चार मोठ्या अमेरिकी नावांपैकी एक ऐन मागणीत अडखळले.

कंपन्यांच्या बाबतीत मात्र मला थोडे मागे सरावे लागते. त्या चार नावांपैकी फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही तीन २०२० पासून एकाच मालकाकडे आली आणि २०२४ मध्ये एकत्रच झेक मालकाकडे गेली. प्रायमर कमी पडतात तेव्हा कंपनी ते आधी स्वतःच्या तयार काडतुसांत घालते, कारण नफा तिथे अधिक आहे, आणि उरले तर सुटे विकते. २०१९ मध्ये हजार प्रायमरना मी ३५ डॉलरपेक्षा जास्त दिल्याचे आठवत नाही. शेवटची पेटी मला ७९ डॉलरना मिळाली, धोकादायक मालाचे वाहतूक शुल्क वेगळे. हा दर खाली यायला हवा होता, तो आला नाही, आणि त्याबद्दल ग्राहकाने जरूर राग धरावा. पण जास्त नफ्याच्या मालाला आधी जागा देणे आणि माल गोदामात कुजवत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा एकही पुरावा मजकुरात नाही.

भारतीय नेमबाजांचा मुद्दा एका वाक्यात संपतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू टूचे रिमफायर काडतूस वापरतात, ज्यात पेटणारे मिश्रण बुडाच्या कडेतच असते, सुटा प्रायमर नसतोच, आणि दहा मीटरच्या एअर रायफलीत पावडरही नसते.

भाच्याला मी त्याच रात्री फोन केला. बाजूला ठेवलेले वापरलेले प्रायमर त्याने कचऱ्यात टाकले आहेत आणि त्याच्या रिकाम्या केसेस तो थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टेक्सासला घेऊन येणार आहे. माझ्याकडे व्हारगेट या रायफलीच्या पावडरीचा अर्धा पौंड शिल्लक आहे, म्हणजे पावडर मोजायच्या मापात ३,५०० ग्रेन. ३०८ ची ऐंशीच्या आसपास काडतुसे त्यात होतील. दिवाळीनंतर कुठे नवा डबा मिळाला तर उरलेलीही भरू, नाही मिळाला तर माझी जुनी पॉइंट टू टू रायफल कपाटात आहेच.