३६ पैकी १८ गुण पुरे

चार खात्यांच्या याद्या एकत्र करून 'हा तोच माणूस' असं ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर राजेहो, आधी तर्री पोहे खाऊन या. घाबरायचं काही नाही. पत्रिका पाहणारे गुरुजी ३६ पैकी १८ गुणांवर लग्न लावून देतात. तुम्हाला तर एक्सेलमध्ये डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात बाणच काढायचे आहेत.

नावापासून सुरू करा. आधारमध्ये अख्खं नाव एका रकान्यात, पॅनच्या अर्जात तीन, पासपोर्टवर दोन. एकाचे तीन करायची युक्ती सोपी आहे: जिथं मोकळी जागा दिसली तिथं तोडायचं. एखाद्यानं 'राम कृष्ण' असं सुटं लिहिलं असेल, तर त्याच्या बापाचं नाव कृष्ण. झालं.

मधल्या नावाचा बाण 'वडिलांचे नाव' इकडे न्या, बिनधास्त. पॅनवर लग्न झालेल्या बाईच्याही वडिलांचं नाव असतं, आधारवर मात्र लग्नानंतर मधे नवऱ्याचं येऊन बसतं. तुमच्या शीटमध्ये हिंगण्याची एखादी बाई आपल्याच नवऱ्याची मुलगी ठरेल. ठरू द्या. मतदारयादीत वडील की पती हे नातं वेगळं लिहिलेलं असतं, पण तुमच्या तक्त्यात तसा रकाना नाही. म्हणून तेवढा गाळून टाका. आणि हो, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. म्हणजे तुकडे चार, रकाने तीन. पण ती पोरं १८ वर्षांची व्हायला २०४२ उजाडेल, आणि तोवर तुम्ही पेन्शनीत.

आता जन्मतारीख. हा आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा रकाना, कारण अर्ध्या म्हाताऱ्या माणसांची तारीख १ जूनच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय विचारलं, मायबापांनी 'असंल सहाएक वर्षांचं' म्हटलं, गुरुजींनी १ जून टाकला. माझी आई आणि तिचे तिन्ही भाऊ, चौघंही १ जूनचे. आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असा नियम लावलात तर कामठीपासून काटोलपर्यंत दुबार नोंदी भराभरा सापडतील. दुबार जितके जास्त, तितकं तुमचं काम साहेबांना दिसतं.

फाइल पुढे पाठवण्याआधी एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा. आधार क्रमांक १२ आकडी. एक्सेलला एवढा लांब आकडा पाहवत नाही, तो त्याचं '२.३४५६८ई+११' करून टाकतो, आणि सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून जतन केलं की मागचे आकडे कायमचे गेले. पहिले सहा आकडे ज्यांचे सारखे, त्यांचा क्रमांकही सारखा. अनोळखी माणसांत एवढी एकी दुसऱ्या कशानं होत नाही.

आडनावांच्या स्पेलिंगसाठी मात्र शास्त्रीय पद्धत वापरा. सारख्या उच्चाराची इंग्रजी नावं हुडकायची साउंडेक्स नावाची एक रीत आहे, १९१८ साली अमेरिकेत तिचं पेटंट निघालं आणि आजही बऱ्याच डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, बाकीच्यांचे आकडे करायचे. आमचं आडनाव वानखेडे. बँकेतल्या बाबूनं ते 'डब्ल्यू'नं लिहिलं, त्याचं झालं डब्ल्यू ५२३. दुसऱ्या कागदावर कोणी 'व्ही' टाकला, ते झालं व्ही ५२३. 'व' एकच आहे हे तिकडच्या पेटंटवाल्याला कोण सांगणार? बोऱ्हाड्यांचं तर आणखीच वाईट: मराठीत तो आडवा र कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनच्या लेखी माणसं दोन.

आणि शेवटचं: न जुळलेल्या नोंदींची यादी स्वतःकडे ठेवू नका. ती 'नागरिकाने दुरुस्ती करावी' या शेऱ्यासह खिडकीवर पाठवा. काम तिथं आपोआप होतं. मे महिन्यात मी आईला घेऊन अशाच एका खिडकीवर गेलो होतो. बाहेर ४५ डिग्री, आईच्या डोक्याला ओला दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीस वर्षांचे कागद. आतल्या पोरानं पडदा पाहिला, पुन्हा पाहिला.

"मावशी, तुमचं जुळून नाही राहिलं."

"अरे पण मी स्वतः आली आहे ना इथं."

"हो, पण सिस्टममध्ये तुम्ही ७२ टक्केच आहे. राजपत्रात नाव बदलून आणा, मग पाहू."

आईनं पिशवीची गाठ मारली. "उरलेली २८ टक्के घरीच राहिली का बाप्पा?" तिनं मला विचारलं. "कुलूप तर मी पाहून आली होती."