‘दख्खन’ मोगलांनी दिलेला नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: ‘दख्खन’ हा फारसी शब्द, मोगलांनी लादलेला, इंग्रजांनी त्याचं ‘डेक्कन’ केलं, त्यातून ‘दक्षिण’ म्हणजे यमाची दिशा, म्हणून शब्द मुळातच अशुभ. तेव्हा ‘दख्खनची राणी’ या गाडीचं नाव बदला.

आधी मोगल. कल्याणहून मुरबाडमार्गे गेलं की नाणेघाट लागतो. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, इसवी सनापूर्वीचा. त्यात सातकर्णी राजाला दक्षिणापथाचा स्वामी म्हटलंय. त्याच भिंतीवर यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) लांबलचक यादी आहे, म्हणजे दक्षिणा! तोही याच घराण्यातला शब्द. बाबर दिल्लीला आला 1526 साली.

‘तो दक्षिणापथ झाला, दख्खन कुठाय?’ असं कुणी म्हणेलच. पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतलं दर्यावर्दी टिपण घ्या. त्यात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि तिथेच लिहिणारा सांगतो की या प्रदेशाला ‘दखिनबदेस’ म्हणतात, कारण इथले लोक दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात. शेवटचा ‘ओस’ ग्रीक प्रत्यय. तो काढा, काय उरतं? क्षचा ख होणं ही तर आपलीच खोड: लक्षचा लाख, रक्षणाचं राखण. फारसीत दक्षिणेला ‘जनूब’ म्हणतात, आणि तोही त्यांनी अरबीतून घेतलेला. ‘दकन’ त्यांनी इथून उचलला. मेसेजवाल्याने देणाऱ्यालाच घेणारा ठरवलंय.

इंग्रजांनी फक्त स्पेलिंग केलं. 1930 साली सुरू झालेली गाडी आपण मराठीत ‘दख्खनची राणी’च म्हणतो, मग बदलायचं काय?

राहिला यम. तो दक्षिणेचा दिक्पाल, म्हणजे त्या दिशेचा राखणदार देव, हे खरंच. पण शब्दाचा अर्थ मृत्यू नव्हे. दक्षिण म्हणजे उजवा, आणि कुशलही. येऊरच्या डोंगराकडे पाठ करून, खाडीवर उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात मुलुंडकडे जाईल. तीच दक्षिण. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा. तीही अशुभ म्हणायची का? (घोडबंदर रोडला दक्षिणमुखी फ्लॅटचा भाव पाडायला ही भीती बरी उपयोगी पडते, ते सोडा.) शंकराचं गुरुरूप म्हणजे दक्षिणामूर्ती. तो दक्षिणेकडेच तोंड करून शिष्यांना शिकवत बसलाय.