हक्क शिकवायचे तर दाद कुठे मागायची तेही शिकवा

आपल्या राज्यात मूलभूत हक्क शिकवले जातात ते सातवीत, म्हणजे मूल बारा-तेरा वर्षांचे असताना. नागरिकशास्त्राच्या त्या पाठांत उद्देशिका, समता, स्वातंत्र्य, शोषणाविरुद्धचा हक्क हे सारे नीट मांडलेले आहे. पुढे दहावीत राज्यशास्त्र येते ते इतिहासाबरोबरच्या 40 गुणांच्या पेपरात, आणि अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलाचा या विषयाशी संबंधच सुटतो. ज्या वयात मुलगा एकटा तालुक्याला जाऊ लागतो, त्याच्या हाती मोबाइल येतो, आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टी घरात सुरू होतात, नेमक्या त्या वयात संविधान परिपाठात एका सुरात म्हणण्यापुरते उरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी सामाजिक शास्त्रे शिकवताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. हक्क कोणते, हे मुलांना पाठ असते. ते कोणी पाळायचे आणि पाळले नाहीत तर कोणाच्या दारात जायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरांची हाणामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एकाने विचारले, "सर, ठाण्यात बोलावलं तं बापाले संग नेता येते का?" त्या दिवशीचा नियोजित पाठ मी बाजूला ठेवला. अनुच्छेद 22 नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे फळ्यावर लिहिले. त्याखाली 2015 चा बाल न्याय कायदा लिहिला: 18 वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, आईवडिलांना कळवावे लागते आणि त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मुले भराभर उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण सर, ठाणेदाराले हे सांगन कोण?"

माझ्या मते नागरिकशास्त्राचा खरा तास या प्रश्नापासून सुरू होतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते आणि 1987 च्या कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, ही माहिती त्या वर्गात एकाही मुलाला नव्हती. ती नसेल तर अनुच्छेद 22 त्या मुलांच्या काय कामाचा?

मुलींच्या बाबतीत तर मी आपल्याच भागातले उदाहरण सांगतो. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी किशोरीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस शिपाईच होते. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडून दिले. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या गावाचे नाव मुलांच्या ओळखीचे आहे, हा इतिहास मात्र त्यांच्या ओळखीचा नाही. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर महिलेला किंवा 15 वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचे असते, हा नियम प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला ठाऊक असलाच पाहिजे.

"असं शिकवाल तर पोरं उद्धट होतील, आधी कर्तव्यं शिकवा," असे काही पालक मला काळजीने म्हणतात आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कर्तव्ये 1976 च्या घटनादुरुस्तीने आली आणि ती शिकवायलाच हवीत. पण कोणाचा हक्क त्याच्या कर्तव्यांचा हिशोब पाहून द्यावा, असे संविधान कुठेही म्हणत नाही. शिवाय हक्कांच्या अभ्यासाने मुले उद्धट होतात, हा माझा अनुभवच नाही. केरळमधल्या तीन भावंडांचा खटला मी दरवर्षी वर्गात मांडतो. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. हे ऐकताच वर्गात दोन तट पडतात. आधी आवाज चढतात. मग हळूहळू एकेक जण समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून उत्तर द्यायला लागतो. जो मुलगा आपल्याला न पटणाऱ्या माणसाचा हक्क मान्य करायला शिकतो, त्याला उद्धट कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट अर्जाची. दहावी-बारावीनंतर जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आमची मुले रोजी बुडवून आलेल्या वडिलांसोबत तालुक्याला खेटे घालतात. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिली आहे, अर्जाची पोच द्यावी लागते, मुदत टळली तर अपील करता येते. म्हणून मी मुलांकडून वर्गातच अर्ज लिहून घेतो: दिनांक, विषय, मागणी, सोबतच्या कागदांची यादी, आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा पाठ. एका मुलाने वडिलांचा अर्ज असाच लिहून दिला आणि पोच मागितली, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आधी "कशाला लागते?" म्हटले, मग शिक्का मारला.

हे शिकवायला वेगळा निधी लागत नाही. नववी ते बारावी, कोणत्याही शाखेत, महिन्याला दोन तास मिळाले आणि विधी सेवा समितीच्या स्वयंसेवकाला वर्षातून एकदा शाळेत बोलावले, तरी पुष्कळ होईल. येत्या 26 नोव्हेंबरला, संविधान दिनी, भाषणस्पर्धेसोबत एक तास अर्ज आणि अपील लिहिण्याचा ठेवावा, अशी विदर्भातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अर्जाचे नमुने आणि खटल्यांची टिपणे मी मराठीत तयार केली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी मला संदेश पाठवावा.