प्रतिक्रियेला उत्तर: स्ट्रक्चरच्या शेवटचा तो मोकळा ॲरे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि जरा चिडून लिहिलेली आहे. दोन्हीबद्दल तक्रार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. सी भाषेत स्ट्रक्चरमधल्या (वेगवेगळे मेंबर एकत्र ठेवणाऱ्या रचनेतल्या) ॲरेची लांबी प्रोग्रॅम चालू असतानाच कळणार असेल, तर शेवटचा मेंबर रिकाम्या चौकोनी कंसांचा, म्हणजे ‘डेटा[]’ असा मोकळा ॲरे ठेवावा आणि सगळी मेमरी एकाच मॅलॉकमध्ये (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या एकाच हाकेत) घ्यावी, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा कंपायलरने खपवून घेतलेला जुगाड आहे. त्यात साइझऑफ (आकार बाइटमध्ये सांगणारा ऑपरेटर) खोटं बोलतो, कॉपी करताना घोळ होतो आणि ॲरे वाढवता येत नाही. साधा पॉइंटर (दुसऱ्या मेमरीचा पत्ता) ठेवून दुसरा मॅलॉक केला की सगळे प्रश्न मिटतात, मग नवशिक्यांना हे शिकवायचंच कशाला?

जुगाडाचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर संपतो. जुगाड होता तो जुना प्रकार: शेवटी ‘डेटा[१]’ असा एक घराचा ॲरे ठेवायचा, मेमरी जास्त मागायची आणि हद्द ओलांडून लिहीत जायचं. खुद्द सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनीच त्याला कंपायलरशी केलेली नको तितकी सलगी म्हटलं होतं. रिकाम्या कंसांचा प्रकार मात्र १९९९ च्या सी स्टँडर्डमध्येच आला आहे. अट एवढीच की तो शेवटचा मेंबर हवा आणि त्याच्या आधी निदान एक तरी नाव असलेला मेंबर हवा. लिनक्स कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) तर एक घराचे आणि शून्य घरांचे जुने ॲरे मोडीत काढून हाच प्रकार लावून धरला आहे, कारण जुन्या प्रकारात ‘हा ॲरे खरंच एका घराचा आहे की नुसतं तसं म्हटलंय’ हे कंपायलरला ओळखता येत नाही आणि हद्दीची तपासणी लंगडी पडते. सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये हे नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन्हीकडे चालायला हव्या असलेल्या हेडर फाइलमध्ये मीही ते टाळीन.

साइझऑफ खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला जे विचारताय त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. घरं किती घेतली हे चालताना ठरतं, साइझऑफ मात्र इथे कंपायल होतानाच ठरलेला असतो. खरी गंमत पॅडिंगची, म्हणजे आकार नीट बसावा म्हणून कंपायलरने सोडलेल्या रिकाम्या बाइटची आहे. आठ बाइटचा आयडी, चार बाइटची लांबी आणि मग कॅरॅक्टरचा मोकळा ॲरे, असं स्ट्रक्चर घ्या. नेहमीच्या ६४ बिट मशीनवर साइझऑफ १६ येतो, पण ॲरे सुरू होतो बाराव्या बाइटपासून. म्हणजे ‘साइझऑफ अधिक लांबी’ एवढी मेमरी मागितली तर चार बाइट जास्तीचे मिळतात. त्याने काही बिघडत नाही, मी तसंच मागतो. पण स्ट्रक्चरच्या पत्त्यात साइझऑफ मिळवून ॲरेची सुरुवात काढायला गेलात तर चार बाइट पुढे जाऊन पडाल.

कॉपीचा घोळ इथूनच येतो आणि तो तुम्ही लिहिलाय त्याहून वाईट आहे. एक स्ट्रक्चर दुसऱ्याला नुसत्या बरोबरच्या चिन्हाने दिलं, तर कॉपी साइझऑफपुरतीच होते. वरच्या उदाहरणात ॲरेचे पहिले चार बाइट त्या सोळांत येतात, आणि ते नीट पोचतील की नाही याची स्टँडर्ड हमी देत नाही. पोचलेच, तर तीन अक्षरी मजकूर टाकून केलेली चाचणी पास होते आणि खरा मजकूर आला की कापला जातो. असला बग शोधणं म्हणजे डोक्याला ताप, मान्य. पण पॉइंटरवाल्या स्ट्रक्चरचं त्याच बरोबरच्या चिन्हाने काय होतं? पत्ता कॉपी होतो, दोन स्ट्रक्चर एकाच मेमरीवर हक्क सांगतात आणि फ्री (मेमरी परत करणं) दोनदा होतो. दोन्हीकडे कॉपीचं वेगळं फंक्शन लिहावंच लागतं. या मुद्द्यावर पॉइंटरला जास्तीचे गुण देता येत नाहीत.

आता वाढवण्याचा मुद्दा. तुमच्या प्रतिक्रियेतला खरा दम इथे आहे आणि माझं उत्तरही इथेच आहे. मोकळा ॲरे वाढवता येतो, पण रीॲलॉक (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) अख्खं स्ट्रक्चर उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. मग ज्यांनी ज्यांनी त्याचा जुना पत्ता धरून ठेवलाय ते सगळे तोंडघशी पडतात. पॉइंटर असेल तर फक्त आतला डेटा हलतो, स्ट्रक्चर जागेवर राहतं. म्हणून मी वेगाच्या आधी दोन गोष्टी पाहतो: स्ट्रक्चर तयार झाल्यावर लांबी बदलणार आहे का, आणि तोवर त्याचा पत्ता कोणाकोणाकडे गेलेला असेल?

पायथॉनचा सीमधला कोड उघडून पाहा. टपलची (न बदलणाऱ्या यादीची) लांबी एकदा ठरली की ठरली, म्हणून त्याचे घटक स्ट्रक्चरच्या आतच, शेवटी बसवलेत (तिथे अजून एक घराचा जुनाच ॲरे आहे, पण मांडणी तीच). लिस्ट वाढते आणि तिचा पत्ता दहा जणांकडे असतो, म्हणून तिच्यात नुसता पॉइंटर आहे आणि घटक वेगळ्या मेमरीत. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात. रेडिस या डेटाबेसची स्ट्रिंग तिसरा मार्ग घेते: मोकळा ॲरेच ठेवते, वाढवतेही, पण जोडणारं फंक्शन नवा पत्ता परत देतं आणि तो तुम्ही न विसरता घ्यायचा असतो. मला हा मार्ग फारसा आवडत नाही. शिस्त सुटली की संपलं.

आणि काही वेळा डेटाच त्या आकारात येतो. लिनक्समध्ये आयनोटिफायची (फाइलमधले बदल कळवणाऱ्या सोयीची) घटना वाचली की चार चार बाइटचे चार मेंबर मिळतात, त्यातला शेवटचा लांबी सांगतो आणि लगेच मागे तेवढ्या बाइटचं फाइलचं नाव. इथे पॉइंटर ठेवणार कुठे? फाइलमध्ये किंवा सॉकेटवर पाठवायच्या नोंदींचंही तसंच. पॉइंटरवालं स्ट्रक्चर जसंच्या तसं लिहिलं तर पलीकडे मेमरीचा एक पत्ता पोचतो, जो तिथे निरर्थक असतो.

एक धोका तुमच्या यादीत नव्हता, तो मीच सांगतो. लांबी बाहेरून आलेली असेल तर लांबी गुणिले घटकाचा आकार हा गुणाकार साइझ_टी या आकार ठेवणाऱ्या टाइपच्या मर्यादेबाहेर जाऊन छोटा आकडा होऊ शकतो. मॅलॉक तेवढीच मेमरी देतो आणि पुढचं लिखाण भलतीकडे जातं. पॉइंटरच्या रचनेत कॅलॉक (घटकांची संख्या आणि आकार वेगवेगळे घेणारं मॅलॉकचं भावंड) वापरलात तर आजच्या लायब्ररीत तो गुणाकार तपासला जातो; मोकळ्या ॲरेत तो तुम्हालाच तपासावा लागतो. कर्नलमध्ये यासाठी ‘स्ट्रक्ट_साइझ’ हा मॅक्रो आहे, जो हद्द ओलांडली की सर्वांत मोठा आकडा देतो, म्हणजे मेमरीची मागणीच फसते. शिवाय जीसीसी १५ आणि अलीकडच्या क्लँग या कंपायलरमध्ये ‘काउंटेड_बाय’ लिहून ॲरेची लांबी कोणत्या मेंबरमध्ये आहे ते कंपायलरला सांगता येतं, मग हद्दीची तपासणी त्याला चालू प्रोग्रॅममध्येही करता येते.

शेवटी तुमचं उदाहरण. लिंक्ड लिस्टमधल्या (प्रत्येकीत पुढचीचा पत्ता असलेल्या) नोंदी, आणि प्रत्येकीचा मजकूर लिस्टमध्ये जोडल्यानंतर वाढत जातो. इथे पॉइंटरच ठेवा; मोकळा ॲरे घेतलात तर प्रत्येक वाढीनंतर मागच्या नोंदीतला पत्ता दुरुस्त करत बसावं लागेल. मजकूर आधी पूर्ण जमवून मग नोंद जोडता आली, तर मात्र मोकळा ॲरे घ्या, फ्री एकदाच करावा लागेल. आणि काहीही ठेवलंत तरी, तुम्ही दिलेल्या कोडमध्ये रीॲलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये ठेवलंय. मेमरी मिळाली नाही तर तिथे नल (रिकामा पत्ता) येईल आणि जुन्या मेमरीचा पत्ता हातचा जाईल. आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, नल नाही ना ते तपासा, मग द्या.